गळाचे मऊ आमिष घरी करा, पण आच सांभाळून

पनवेलहून माथेरानच्या पायथ्याकडे निघाले की वाटेत सुकापूर लागते. येथील पुष्कळशा भातखाचरांच्या जागी आता इमारती उभ्या आहेत. तरी माथेरानच्या डोंगरातून येणारी गाढी नदी जवळून वाहतेच आणि ती पुढे पनवेलच्या खाडीला मिळते. वरच्या अंगाला गोड्या पाण्यातील मरळ आणि खाली निमखाऱ्या पाण्यातील जिताडा व तांब असे दोन्ही प्रकारचे मासे या पट्ट्यातील लोकांना परिचयाचे आहेत. पनवेल, उरण, पेण, अलिबाग या तालुक्यांतील खारभूमीत उघाडीतून भरतीबरोबर आत आलेली जिताड्याची पिल्ले तळ्यात सोडून वाढविण्याची रीत जुनी आहे. भाताच्या जोडीला अशा तळ्यातून चांगला पैसा मिळतो.

कृषिविद्येच्या अध्यापकाने गळावर लिहावे हे काहींना खटकेल. पण तळे बाळगणारे शेतकरी गेली काही वर्षे एक प्रश्न वारंवार विचारतात. गिऱ्हाइकाने एक-दोन जिताडे मागितले तर त्यासाठी सगळे तळे जाळ्याने ढवळणे परवडत नाही. पाणी गढूळ होते, राहिलेले मासे बिथरतात आणि त्यांची खवले निघतात. गळाने हवा तेवढाच मासा काढता येतो. परंतु जिताडा मेलेल्या आमिषाकडे सहसा ढुंकून पाहत नाही. त्याला हलते भक्ष्य लागते. जिवंत कोलंबी किंवा बोयटाचे पिल्लू दर वेळी कोठून आणायचे? म्हणून अनेकांनी दुकानातील मऊ प्लास्टिकचे मासे वापरून पाहिले. ते चालतात, पण चार-पाच नगांच्या पाकिटाची किंमत तीन आकडी असते आणि चिलापीने शेपटी कुरतडली की नग वाया जातो. मग कोणीतरी जुन्या चपला वितळवून घरीच मासे ओतण्याचा उद्योग करतो. हा लेख लिहिण्याचे मुख्य कारण हा उद्योग आहे.

हे आमिष कशाचे असते

मऊ प्लास्टिकच्या आमिषाची सुरुवात अमेरिकेत झाली. ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन गावच्या निक क्रीम या यंत्रकारागिराने १९४९ साली घरच्या घरी प्लास्टिकचे गांडूळ ओतले आणि पुढे त्याचा मोठा धंदा झाला. तेव्हापासून मूळ द्रव्य फारसे बदललेले नाही. पी.व्ही.सी.ची अत्यंत बारीक भुकटी प्लास्टिसायझर नावाच्या तेलकट द्रवात कालवली की दुधासारखे पांढरे मिश्रण तयार होते. त्याला प्लास्टिसोल म्हणतात. ते तापविले की भुकटीचे कण तेल पिऊन फुगतात, एकजीव होतात आणि थंड झाल्यावर रबरासारखा मऊ पदार्थ मिळतो. खेळणी, किल्लीच्या साखळीला लावायचे रबरी तुकडे वगैरे याच द्रव्याचे करतात, त्यामुळे ते आपल्याकडेही मिळते.

पाण्याच्या पाइपमध्येही पी.व्ही.सी.च असते, मग पाइपचे तुकडे वितळवून का चालणार नाही? पाइपमध्ये प्लास्टिसायझर जवळजवळ नसते. तो तापविला तर ओतण्याइतका पातळ होण्याआधीच करपतो. पी.व्ही.सी.च्या वजनात निम्म्याहून अधिक भाग क्लोरीनचा असतो. ते करपले की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि नाक, घसा व फुप्फुसातील ओलाव्यात मिसळून त्याचे आम्ल होते. शिवाय जुन्या पाइपांत व विजेच्या तारांच्या वेष्टनात शिशाची संयुगे वापरीत असत. पाइपांतील शिशाबाबत केंद्र सरकारने २०२१ मध्ये नियम केले, पण शेतात पडलेले तुकडे त्यापूर्वीचेच असण्याचा संभव अधिक. चपलेचे तर आणखी वाईट. एक चप्पल पी.व्ही.सी.ची, दुसरी फोमची, तिसरी रबराची. रबर एकदा पक्के झाले की वितळत नाही, नुसते जळते. फोम वेगळ्याच जातीचे प्लास्टिक असते. तेव्हा चप्पल, पाइप, तार, ताडपत्री यांपैकी काहीही वितळवू नये. यात वाचणारा पैसा दवाखान्यात जातो.

आधी दुरुस्ती, मग ओतकाम

फाटलेला नग टाकून देऊ नये. जुन्या सुरीचे पाते तापवून फाटीच्या दोन्ही कडांमध्ये क्षणभर धरावे. दोन्ही कडा ओलसर चमकू लागल्या की पाते काढून कडा एकमेकींवर दाबाव्यात. अर्ध्या मिनिटात सांधा बसतो. नाकाकडचा भाग सैल झाला असेल तर गळ बसविताना तेथे फेविक्विकचा एक थेंब लावावा. आमिष सरकत नाही, त्यामुळे फाटत नाही आणि पाण्यात सुटून पडतही नाही. एवढ्याने एक पाकीट बरेच दिवस पुरते. ज्याला वर्षाकाठी दोन-तीन पाकिटेच लागतात त्याने येथेच थांबावे, पुढच्या खटाटोपात पडू नये असे मला वाटते.

ज्यांना जास्त लागतात त्यांनी दुरुस्तीपलीकडे गेलेले तुकडे साठवावेत. खरे मऊ पी.व्ही.सी. पुन्हा पुन्हा वितळविता येते. मात्र एक पथ्य आहे. काही कंपन्यांचे नग पी.व्ही.सी.चे नसून दुसऱ्या जातीच्या ताणरबराचे असतात. ते ओढले असता आपल्या लांबीच्या कितीतरी पट ताणले जातात. ते पी.व्ही.सी.बरोबर एका भांड्यात घालू नयेत, किंबहुना एका पाकिटातही ठेवू नयेत. दोन्ही एकमेकांना लागून चिकट लगदा होतो.

साचा

साच्यासाठी प्लास्टर ऑफ पॅरिस सर्वांत स्वस्त. पेण व हमरापूरकडील गणपतीच्या कारखान्यांत काम केलेला कोणी गावात असेल तर त्याच्याकडून प्लास्टर कालवायला शिकावे. त्याचा हात बसलेला असतो. मात्र तेथील मूर्तीचे रबरी साचे या कामी घेऊ नयेत, उष्णतेने ते खराब होतात. सिलिकॉनचा साचा २०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतो, पण तो महाग पडतो.

नमुना म्हणून दुकानातील एक नग, लाकडाचा कोरलेला तुकडा किंवा तेलमातीचा आकार घ्यावा. नवख्याने एका बाजूने सपाट असा आकार निवडावा, म्हणजे एकाच भागाचा उघडा साचा पुरतो. गांडुळाचा किंवा चपट्या वळलेल्या शेपटीचा आकार सोपा. शेपटीकडचा भाग जितका पातळ तितकी ती पाण्यात चांगली हलते. दुकानातील नमुन्याची नक्कल स्वतःच्या वापरापुरतीच करावी, विकण्यासाठी नको.

प्लास्टिकच्या डबीच्या तळाला नमुना सपाट बाजू खाली करून चिकटवावा आणि त्यावर खोबरेल तेलाचा हात फिरवावा. एक वाटी पाण्यात सुमारे दोन वाट्या प्लास्टर हळूहळू भुरभुरावे. पाणी प्लास्टरवर ओतू नये, गुठळ्या होतात. मिनिटभर मुरू देऊन हलक्या हाताने ढवळावे, डबीच्या कडेने ओतावे आणि बुडबुडे वर येण्यासाठी डबी जमिनीवर ठोकावी. साधारण अर्ध्या-पाऊण तासात साचा निघतो.

साचा हाताला कोरडा लागला म्हणून तो वाळला असे समजू नये. प्लास्टर घट्ट झाले तरी त्याच्या अंगात पुष्कळ पाणी उरते. त्यावर १७० अंशांचे द्रव पडले की पाण्याची वाफ होते आणि तप्त प्लास्टिक चेहऱ्यावर उडते. भाताच्या नमुन्यातील ओलावा काढताना आपण वजन स्थिर होईपर्यंत तो वाळवितो, तीच युक्ती येथे करावी. साचा रोज एकाच वेळी घरातील काट्यावर तोलावा. दोन दिवस लागोपाठ वजन घटले नाही म्हणजे तो वाळला. एप्रिल-मेच्या उन्हात हे काम चार-सहा दिवसांत होते. कोकणच्या पावसाळ्यात ते होतच नाही, म्हणून जून ते सप्टेंबर ओतकाम बंद ठेवावे. वाळलेल्या साच्याला निम्मे पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचे दोन-तीन पातळ हात द्यावेत, म्हणजे पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि नग चिकटत नाही. या हातांमध्येही पाणी असते, तेव्हा शेवटी पुन्हा उन्हात ठेवून तोलावे.

मिश्रण व आच

तयार प्लास्टिसोल मिळाले तर तेच घ्यावे. ते स्वतः कालवायचे असेल तर पी.व्ही.सी.चे पेस्ट रेझिन मागावे. पाइपवाल्यांचे साधे रेझिन चालत नाही. मुंबईत मस्जिद बंदर भागातील रसायनांच्या बाजारात चौकशी करावी. प्लास्टिसायझर म्हणून स्वस्त असलेले डी.ओ.पी. टाळावे. प्रजननावर विपरीत परिणाम करणाऱ्या रसायनांत त्याची गणना होते. त्याऐवजी डी.ओ.टी.पी. घ्यावे. गोडेतेल घालून काम भागेल असे काहींना वाटते, पण ते रेझिनशी एकजीव होत नाही आणि नगातून बाहेर पाझरते. वजनाने एक भाग रेझिनला तीन ते पाच भाग प्लास्टिसायझर या मर्यादेत थोडे थोडे करून पाहावे. प्लास्टिसायझर वाढविले की नग मऊ होतो, कमी केले की टिकाऊ होतो. उष्णतेने पिवळे पडू नये म्हणून कॅल्शियम-झिंकचे स्थिरक दुकानदाराने सांगितलेल्या प्रमाणात घालावे.

खर्चाचा अंदाज वजनावरून येतो. चार इंचांच्या नगाला सुमारे ८ ग्रॅम माल लागतो. म्हणजे एक किलो मिश्रणातून, सांडलवंड धरूनही, शंभरावर नग होतात. एका घराला एवढे लागत नाहीत. दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून माल आणल्यास बरे.

हे काम घरात, गोठ्यात किंवा बंद पडवीत करू नये. अंगणात, वारा पाठीमागून येईल असे बसावे. चूल किंवा गॅसची उघडी ज्योत नको, कारण प्लास्टिसायझरची वाफ पेटू शकते. विजेच्या शेगडीवर जुना तवा ठेवून त्यात दोन बोटे कोरडी वाळू पसरावी आणि वाळूत स्टीलचे चोचीचे भांडे बसवावे. वाळूमुळे आच चारी बाजूंनी सारखी लागते व बूड करपत नाही. हे भांडे पुन्हा स्वयंपाकात घेऊ नये. त्यावर रंगाने खूण करून ते माळ्यावर वेगळे ठेवावे.

तळणीचा ३०० अंशांपर्यंतचा तापमापक अवश्य घ्यावा, या कामात त्याच्यावर काटकसर करू नये. एका वेळी १०० ग्रॅमपेक्षा जास्त माल तापवू नये. सुरुवातीला मिश्रण दुधासारखे असते. तापू लागले की ते घट्ट होऊन खव्यासारखे गोळे धरते. येथे नवखा माणूस घाबरून आच वाढवितो. तसे करू नये. सावकाश ढवळत राहावे. १६० अंशांच्या पुढे ते पुन्हा पातळ व नितळ होऊ लागते आणि १७० ते १७५ अंशांवर ओतण्याजोगे होते. १८० अंशांवर आच बंद करावी. पिवळी झाक दिसणे ही करपण्याची पहिली खूण, नाकाला झोंबणारा वास ही दुसरी. वास आला तर बटण बंद करून वाऱ्याच्या वरच्या बाजूला निघून जावे आणि भांडे पूर्ण थंड झाल्यावरच परत यावे. त्यात पाणी ओतू नये.

अंगात पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, पायात बंद बूट, हातात चामड्याचे मोजे व डोळ्यांना चष्मा असावा. रुमाल किंवा साधा कापडी मुखपट्टा वायू अडवीत नाही. आम्लवायू व सेंद्रिय बाष्प यांच्यासाठीची गाळणी असलेला मुखवटा हवा. मुले व जनावरे दूर ठेवावीत. गरम प्लास्टिक कातडीला चिकटले तर ओढून काढू नये. वाहत्या थंड पाण्याखाली २० मिनिटे धरून डॉक्टरांकडे जावे.

ओतताना साचा उन्हात कोमट केलेला असावा. शेपटीकडून सुरुवात करून बारीक धारेने नाकाकडे यावे आणि किंचित उंचवटा राहू द्यावा, कारण थंड होताना माल आकसतो. दहा मिनिटांनी नग काढून गार पाण्याच्या परातीत सोडावा. ही परात शेगडीपासून चार हात दूर हवी, पाण्याचा एक थेंबही भांड्यात जाता कामा नये. मग नग पुसून सपाट फळीवर सरळ ठेवावेत. वाकडा थंड झालेला नग वाकडाच राहतो.

रंगाबद्दल फार डोके शिणवू नये. पाण्यात विरघळणारे खाण्याचे रंग येथे चालत नाहीत, पी.व्ही.सी.साठीचा तेलातील रंग दोन-चार थेंब पुरतो. गढूळ पाण्यात काळा किंवा भडक पोपटी, नितळ पाण्यात पारदर्शक करडा, एवढे धोरण पुरे आहे. नग लवकर बुडावा म्हणून काही जण बारीक मीठ घालतात. ते भाजून कोरडे केलेले असावे, आणि त्याने नग लवकर फाटतो हेही ध्यानात ठेवावे.

प्लास्टिसोलशिवाय

जिलेटिन व ग्लिसरीन गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळविले तरी मऊ नग होतात. त्यात विषारी वायूचा धोका नाही आणि पाण्यात राहिले तरी ते कुजून जातात. पण थंड देशांत चालणारी ही युक्ती आपल्या तळ्यात तोकडी पडते. उन्हाळ्यात आपले पाणीच ३० अंशांवर जाते, त्यात जिलेटिन फुगून लिबलिबीत होते. एका सकाळपुरते करून पाहण्यास हरकत नाही.

त्यापेक्षा बरा पर्याय चिकटबंदुकीत घालावयाच्या डिंकाच्या कांड्यांचा. त्या कमी आचेवर वितळतात आणि त्यातून क्लोरीनचा वायू निघत नाही. नग थोडा ताठर होतो, पण तो पाण्यावर तरंगतो. मरळीला हेच हवे असते. मरळीसाठी पुष्कळ ठिकाणी गळाला जिवंत बेडूक लावतात. बेडूक हा भातखाचरातील किडी खाणारा आपला बिनपगारी गडी आहे. बेडकांची संख्या घटू लागल्यामुळे भारत सरकारने १९८७ मध्ये बेडकाच्या तंगड्यांची निर्यात बंद केली होती. कांड्यांच्या डिंकाचा ओबडधोबड बेडूक, मागे रबराच्या दोन पट्ट्या बांधून, गवताच्या कडेने फुदकत ओढला की मरळ त्यावर झडप घालते. तिला आकाराशी फारसे देणेघेणे नसते, हालचालीशी असते.

तळ्यावर वापरताना

गळाचे टोक नाकातून आत घालून पाठीच्या बरोबर मध्यातून बाहेर काढावे. नग तिरका बसला तर पाण्यात गरगर फिरतो आणि तंगुसाला पीळ पडतो. जिताड्यासाठी शिशाचे डोके असलेला गळ लागतो. तो विकत घ्यावा. घरी शिसे वितळवू नये, त्याची धूळ व धूर लहान मुलांना विशेष घातक आहे. टोकामागचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करावा. मासा पटकन सुटतो आणि नको असलेला मासा इजा न होता परत सोडता येतो.

खाडीत मोठा जिताडा लागला तर त्याला सोडून द्यावे असे माझे मत आहे. जिताडा लहानपणी नर असतो व मोठेपणी त्याची मादी होते, त्यामुळे मोठे मासे प्रामुख्याने अंड्यांवर येणाऱ्या माद्या असतात. तळ्यातला मासा तळ्यात अंडी घालीत नाही, तो खुशाल काढावा. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने १९९७ मध्ये जिताड्याचे बीज बंदिस्त जागेत तयार करण्यात यश मिळविले. तरी आपल्या खारभूमीतील अनेक तळी अजून उघाडीतून येणाऱ्या पिल्लांवर चालतात, आणि ती पिल्ले याच खाडीतल्या माद्यांची. त्याचप्रमाणे पहिल्या पावसात वलगणीचे मासे अंडी घालण्यासाठी ओढ्या-खाचरांत चढतात, त्या दिवसांत गाढीच्या वरच्या भागात गळ घालू नये. धरणाच्या जलाशयात मासेमारीचे हक्क बहुधा मच्छिमार सहकारी संस्थेकडे असतात, तेथे आधी परवानगी घ्यावी.

तुटून पाण्यात राहिलेला मऊ नग कुजत नाही. माशाने गिळला तर तो पोटात फुगून राहतो आणि अशा माशाचे खाणे तुटते. तळ्यातल्या जिताड्याचे वजन वाढत नसेल तर हेही एक कारण असू शकते. तंगूस तुटला तर पाणी उतरल्यावर नग शोधून काढावा. ओतकामातील कडा-कातरणे डब्यात जमवून पुढच्या वेळी वितळवावीत. ती शेतात, शेणखताच्या खड्ड्यात किंवा चुलीत टाकू नयेत.

तयार नग पॉलिथिनच्या पिशवीत, रंगनिहाय वेगळे ठेवावेत. गडद रंग फिक्या नगात उतरतो. पारदर्शक कडक प्लास्टिकच्या डब्यात ते ठेवल्यास प्लास्टिसायझर डब्याला खातो आणि डबा व नग एकमेकांना चिकटतात. पिशवीत चिमूटभर टाल्कम पावडर टाकून ती सावलीत, धान्य व खाण्याच्या पदार्थांपासून दूर टांगावी.